काळी तीन

वाशीम,
३ मार्च २०२५

बाबा,

जयभीम. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहायची रीत आहे. मी ते विसरलेली नाही, गाळलं आहे.

माझा फोन चालू आहे. त्यात फक्त तुमचा नंबर बंद केला आहे. बोलून पाठवलं की तुम्ही ते गाण्याच्या सगळ्या पार्टीला स्पीकरवर ऐकवता, आणि रामकिसन काका ढोलकीवर थाप देऊन दाद देतात. पत्र वाचायला तुम्हाला चष्मा लागतो. चष्मा लावून तुम्ही चारचौघांत बसत नाही. म्हणून पत्र.

पुस्तकी भाषेत लिहिते आहे. घरच्या बोलीत लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, रुसली पोट्टी, येईन दोन दिवसात. मी रुसलेली नाही.

जऊळक्याला रमाई जयंतीच्या मुकाबल्यात काय झालं ते तुम्ही किन्हीराजात सांगत फिरता. तुमच्याच मुलानं, विनोदनं, मला कळवलं. तुमच्या सांगण्यात माझी तार उतरलेली होती. आता माझं ऐका.

मंचावर दोन पार्ट्या समोरासमोर. इकडे आपली, कीबोर्डवर तुम्ही, तिकडे मालेगावच्या गोमतीबाईंची. त्यांनी गाण्यातून सवाल टाकला. तुम्ही जबाबाला आजीचं गाणं घेतलं. गोजराबाई धम्मदीक्षेला नागपूरपर्यंत पायी गेली, ते तुम्ही लिहिलेलं. पट्टी काळी तीन, म्हणजे पेटीवरची तिसरी काळी तुमचा सा. एवढ्या वरून गाणारा पुरुष आपल्या भागात दुसरा नाही. लोक तुम्हाला देवमन म्हणून कमी आणि काळी तीन म्हणून जास्त ओळखतात.

तुमची काळी तीन म्हणजे माझा एफ शार्प. पेटी आणि गिटार अंगणात शेजारी ठेवून आपण दोघांनीच ते जुळवलं होतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अंतऱ्याच्या मधे गिटारची जागा आहे. ती माझी. तिथे चार कॉर्ड फिरतात. पहिल्या तिन्हींवर पाच स्वरांचं साधं स्केल पुरतं, कुठेही बोट ठेवा, भांडण होत नाही. चौथा कॉर्ड मेजर आहे. त्याच्यावर तेच पाच स्वर वाजवले तर कोमल निषाद त्या कॉर्डच्या अंगावर जातो. तेवढ्या एका कॉर्डपुरतं स्केल बदलावं लागतं. निषाद अर्धा स्वर वर घ्यायचा, शुद्ध. तो सा च्या अगदी खाली येतो, सा ची वाट बघत उभा राहतो, आणि कॉर्ड घरी परतला की सा वर चढतो. हे ठरवायला मला एक हिवाळा लागला. तुम्ही चहा पिता पिता म्हणाला होतात, "हे कोणाच्या ध्यानात येते वं? लोकं शबद आयकतात." मी म्हटलं होतं, माझ्या येतं.

जऊळक्याला मी सुरुवात केली आणि पहिलाच स्वर वाकडा लागला. मला वाटलं तार सरकली. दुसरा वाकडा. तिसरा. सगळं जवळपास होतं आणि काहीच जागेवर नव्हतं. समोर बाया हसायला लागल्या. चौथा कॉर्ड आला, मी शुद्ध निषाद घेतला आणि धरून ठेवला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. कॉर्ड घरी परतला. निषाद वर चढेना. तो होता तिथेच बसला, स्वतःच्या घरात बसावा तसा.

तेव्हा कळलं. तो निषाद नव्हता. तो सा होता. तुमचा कीबोर्ड अर्धा स्वर खाली आला होता.

तुम्ही ट्रान्सपोजचं बटण दाबलं होतं. बोटं त्याच पट्ट्यांवर, हात तसेच. समोरून कोणाला काही दिसत नाही. फक्त छोट्या काचेवरचा आकडा बदलतो. कोरस आवाज ऐकून आपोआप खाली येतो, ढोलकीला अर्ध्या स्वराचं काही नसतं. गिटारला असतं.

मी हात एक फ्रेट, म्हणजे अर्धा स्वर, खाली आणतच होते. तेवढ्यात माझा आवाज गेला. मिक्सर तुमच्या उजव्या गुडघ्यापाशी होता. तुम्ही माझं बटण शून्यावर फिरवलंत आणि माइकवर हसून म्हणालात, "पोट्टी हाय. शिकून राह्यली. सांभाळून घ्या."

लोकांनी सांभाळून घेतलं. तुम्हाला टाळ्या दिल्या. मी तिसरा अंतरा संपेपर्यंत आवाज नसलेली गिटार मांडीवर घेऊन बसले.

पट्टी उतरवायची आपली खूण आहे. एक बोट, खाली. कीबोर्डच्या आडून. ती तुम्हीच पाडली. त्या दिवशी तुम्ही ती दाखवली नाही, कारण गोमतीबाई समोर बसल्या होत्या आणि त्यांच्या नजरेतून बोट सुटलं नसतं. मुकाबल्यात ज्यानं मधेच पट्टी उतरवली तो गेला. लोक 'उतरली, उतरली' ओरडतात आणि पुढची कित्येक वर्षं गावोगाव सांगतात. तुम्हाला पट्टी उतरवायची होती आणि ती उतरलेली दिसू द्यायची नव्हती. मग कोणीतरी बेसूर दिसणं भाग होतं.

तुम्ही मला निवडलं.

माझं मागणं एकच आहे. जिथे बोललात तिथे, माइकवर, खरं काय ते सांगा.

सुकेशनी


वाशीम,
११ मार्च

बाबा,

जयभीम.

कार्ड मिळालं. "किन्हीराजाले एप्रिलात परत मुकाबला ठरला. गिटार पायजे. ये. बाकी घरी बोलू."

घरी बोलण्यासारखं काही नाही. घरी काही झालेलंच नाही. घरी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. पहिली गिटार तुम्ही अकोल्याहून मांडीवर ठेवून एसटीनं आणली, कंडक्टरनं वर टाका म्हटलं तर त्याच्याशी भांडलात. ते सगळं मला माहीत आहे. त्याच्यावर मला उत्तर मागायचं नाही. तुम्ही जे केलंत ते माइकवर केलंत.

गावातल्या लखननं त्या दिवशी व्हिडिओ काढला होता. कार्यक्रम अख्खा होता, लोकांनी कापून तेवढाच ठेवला. आधी माझी बेसूर तार, मग तुमचं वाक्य, मग हसणं. आपल्या लोकांच्या सगळ्या ग्रुपवर फिरतो आहे. परवा अकोला नाक्याजवळच्या दुकानात तारा घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, "काय ताई, शिकून राह्यल्या का अजून?" त्याचा वाईट हेतू नव्हता. तो गंमत करत होता. मी तारा न घेता आले.

रिसोडच्या पार्टीनं जयंतीच्या सगळ्या कार्यक्रमांसाठी मला सांगितलं होतं. त्यांचा निरोप आला, आम्हाला पक्की गिटार पाहिजे. मी म्हटलं नाही की माझ्या बापानं पट्टी उतरवली होती. ते म्हटलं नाही म्हणून मला तुमच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

आणखी एक. मंगरूळपीरला विनोदचा ऑक्टोपॅड चुकला होता. चांगला चुकला होता, सम कुठे आणि हा कुठे. तेव्हा तुम्ही माइकवर काय म्हणाला होतात, आठवतं? "लाइटचा होल्टेज कमी हाय." लोक हसले आणि विनोद वाचला. त्याच्यासाठी तुम्ही विजेवर खोटा आळ घातलात. माझ्यासाठी खरं बोलायला सुद्धा जड जातं आहे.

मी येणार नाही.

सुकेशनी


वाशीम,
२७ मार्च

बाबा,

तुम्ही येऊन गेलात. वकीलसाहेबांच्या ऑफिसच्या पायरीवर बसलात, आत आला नाहीत. मी टायपिंग सोडून खाली आले. आपण समोर चहा घेतला. तुम्ही कप दोन्ही हातांत धरून बसला होतात, थंडी असल्यासारखे, मार्चमध्ये.

जे बोलणं झालं ते मी इथे लिहून ठेवते आहे. तुम्ही उद्या म्हणाल की पोरीला भेटलो, समजावलं, मिटलं. मिटलेलं नाही.

तुम्ही म्हणालात, गळा जाऊन राह्यला. दिवाळीपासून वरचा सा लागत नाही. अकोल्याच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं, आवाजाच्या पडद्यावर गाठ आहे, साधी आहे, पण आता वर गायचं नाही. ऐकलं नाही तर बोलणंही जाईल. हे आईला माहीत नाही. विनोदला नाही.

मी विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू मायले सांगतलं असतं. तिनं गाऊ देल्लं नसतं."

"बोट तं दाखवाचं होतं."

"गोमती पाहून राह्यली होती."

मग मी विचारलं, बटण दाबताना माझी जागा पुढे येते आहे हे ध्यानात होतं की नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही नाही म्हणाल. नाही म्हणाला असतात तर मी कदाचित गिटार उचलून तुमच्यामागे एसटीत बसले असते. तुम्ही कपात बघत म्हणालात:

"होतं. तुह्यं वय हाय, सुकेशनी. तुह्यं नाव पुन्हा होईन. माह्यं गेलं तं गेलं."

हे तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात. शेताला पाणी कोणत्या वाफ्यात आधी सोडायचं ते सांगावं तसं.

मी तुमच्या गळ्यासाठी रडले. तुम्ही गेल्यावर, वर ऑफिसात, फायलींच्या कपाटामागे. ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. पण रडून झाल्यावर राग होता तेवढाच शिल्लक होता. उलट जास्त. आतापर्यंत मला वाटत होतं की तुम्ही घाबरलात आणि हात चुकला. आता कळलं की तुम्ही विचार केला होता.

माझं नाव पुन्हा होईल हे तुम्हाला कोणी सांगितलं? आपल्या भागात गिटार वाजवणारी दुसरी कोण पोरगी आहे, दाखवा. मुलगा चुकला तर मुलगा चुकला. मी चुकले तर पोट्टी चुकली, आणि पोट्ट्यांना जमत नाही हे आधीपासून ठरलेलंच असतं. ते माझ्या आधी तिथे बसून होतं. तुम्ही फक्त त्याला माइक दिलात.

नाव नसलं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायचं? आजीचं नाव शाळेच्या रजिस्टरात कधी नव्हतं, म्हणून तुम्ही ते गाण्यात घातलं, कडव्याकडव्याला घातलं. ते गाणं वाचवायला तुम्ही माझं नाव घालवलं.

जाताना तुम्ही विचारलंत, "मंग येतं ना?"

मी उत्तर दिलं नाही. हे उत्तर आहे. नाही.

गोळ्या वेळेवर घ्या. गरम पाणी प्या. आईला सांगा, नाहीतर मी सांगेन.

सुकेशनी


वाशीम,
९ एप्रिल

बाबा,

जयभीम.

ही बातमी दुसऱ्याकडून जाण्याआधी माझ्याकडून जावी म्हणून लिहिते. किन्हीराजाच्या मुकाबल्यात मी गोमतीबाईंच्या बाजूनं वाजवणार आहे.

त्या स्वतः आल्या होत्या. कोर्टात त्यांच्या भावाची तारीख होती, तिथून माझ्या खोलीवर आल्या. पायरीवरूनच म्हणाल्या, "काळी तीनची पोरगी इथंच राह्यते का?" मी म्हटलं, सुकेशनी इथे राहते. त्या हसल्या. "हो बाप्पा, सुकेशनी. पाणी तं देशीन?"

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं देते, कारण ते तुमच्यासाठीच आहे.

"तुह्या बापानं पट्टी उतरवली हे मले तवाच समजलं होतं. चाळीस वर्सं झाले गाऊन राह्यली, मले काय बटणाचं नवल हाय. माइक माह्या हातात होता. एक शबद बोलली असती तं जितल्याचा फेटा मलेच होता."

मी विचारलं, मग बोलल्या का नाही.

"वाट पायली. मले वाटलं, सोताच बोलन तो. लेकीसाठी तरी बोलन." मग म्हणाल्या, "नाही बोलला. मी बी मंग गप बसली. मले बी त्या दिवसाची लाज हाय, खोटं कायले सांगू."

म्हणजे त्या मंचावर खरं काय ते दोघांना माहीत होतं. दोघांच्या हातात माइक होता. माझ्या हातात नव्हता.

त्यांच्याकडे गिटारवाला नाही. त्या म्हणाल्या, ये. मी हो म्हटलं. त्यांची पट्टी काळी पाच आहे. गाणी वेगळी, कॉर्ड वेगळे. काही गाण्यांत त्या एकाच ओळीत दोन्ही गंधार घेतात, आधी शुद्ध, मग उतरताना कोमल, आणि खालचा कॉर्ड काही केल्या बदलू देत नाहीत. एक स्केल धरून बसलं तर अर्धी ओळ मरते. मी रोज ऑफिस सुटल्यावर तेच घेऊन बसते आहे. काम चांगलं आहे. कोणाशी बोलावं लागत नाही.

तुमच्या गळ्याबद्दल मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. त्या दिवशी काळी तीन लावायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. डॉक्टरनं काय सांगितलं तेही तुम्हाला ठाऊक आहे. आईला तुम्ही सांगितलंत, हे तिच्या फोनवरून कळलं. तिनं तुमच्याशी चार दिवस बोलणं टाकलं होतं म्हणे. ठीक केलं.

नियम मला माहीत आहे. एक पार्टी गात असताना दुसऱ्या पार्टीचं वाद्य वाजत नाही. तारेवर हात ठेवून बसायचं. मी बसेन. भीती नको.

विनोदला सांगा, माझ्याकडे बघून मान हलवू नकोस. त्या दिवशी तो समोरच्या पार्टीत आहे.

सुकेशनी


वाशीम,
२२ एप्रिल

बाबा,

किन्हीराजाच्या मंचावर तुम्ही कीबोर्डवर वाकलेले होतात. तुम्हाला इकडचं दिसलं नसणार. म्हणून आमच्या बाजूनं काय दिसलं ते लिहिते.

आमचं पहिलं गाणं झालं. माझी जागा आली तेव्हा खाली कोणीतरी ओरडलं, "शिकली का वं?" लोक हसले. मी वाजवलं. ते चांगलं झालं. किती चांगलं ते मी सांगत नाही, तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात आणि तुमचा पाय ठेका धरत होता. दुसऱ्या फेरीला खालून आवाज आला नाही. पण व्हिडिओ त्यानं पुसला जात नाही, बाबा. ऐकलेलं विसरतं. पाहिलेलं पुन्हा पुन्हा पाहता येतं.

मग तुम्ही उठलात. आईला वाटलं होतं तुम्ही कोरसला सोडून द्याल. ती बायांमधे पहिल्या रांगेत बसली होती, पदर तोंडाशी धरून. तुम्ही आजीचं गाणं घेतलं. काळी तीन. तुमचा पहिला सा ऐकूनच गोमतीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. पहिला अंतरा तुम्ही नेला. दुसऱ्या अंतऱ्याला, आजी नदी ओलांडते तिथे, वरच्या सा वर तुमचा आवाज गेला नाही. फाटला. सगळ्यांनी ऐकलं.

तुम्ही थांबलात. ढोलकी चालू होती. मला वाटलं आता तुमचा हात बटणावर जाईल. गोमतीबाईंच्या हातात माइक होता.

तुम्ही डावा हात वर केलात. डोक्याच्या वर, दिव्याच्या उजेडात. एक बोट काढलंत आणि ते खाली वळवलंत. कीबोर्डच्या आडून नाही. सगळ्यांच्या समोर. तसं धरून ठेवलंत. मग बटण दाबलंत.

तुमच्या पार्टीत ती खूण बघायला गिटार नव्हती. कोरस तुमच्या मागे उभा होता. रामकिसन काकांना पट्टीशी घेणं नाही. मी अडाणी नाही. ते बोट कोणाला होतं ते मला कळलं.

'उतरली' असा गलका झाला. मागून शिट्ट्या आल्या. गोमतीबाईंनी माइक मांडीवर उलटा ठेवला.

तुम्ही अर्धा स्वर खाली, पांढऱ्या चारवर, दुसरा अंतरा पुरा केलात. मग माझी जागा आली. विनोदला तिथे काहीतरी भरता आलं असतं. तुम्ही त्याला हातानं थांबवलंत. तुम्हीही नुसते कॉर्ड धरलेत. चार कॉर्ड फिरले, त्यांच्यावर काही नाही. पुन्हा चार फिरले. लोकांना कळेना हे काय आहे. रामकिसन काका ढोलकी वाजवता वाजवता सरळ माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना तसं बघताना पाहून अर्धी सभा माझ्याकडे बघायला लागली.

माझा डावा हात एक फ्रेट खाली होता. तुमचं बोट खाली वळलं तेव्हाच तो खाली आला होता. मी त्याला सांगितलं नव्हतं. पहिल्या तीन कॉर्डवर पाच स्वरांचं स्केल बोटाखाली होतं. चौथ्यावर माझं बोट शुद्ध निषादावर गेलं. नव्या पट्टीच्या शुद्ध निषादावर. बरोबर जागी होतं. उजवा हात तारांवर पालथा ठेवलेला होता.

गोमतीबाई कानाशी म्हणाल्या, "वाजव वं. तुह्याचसाठी रिकामी ठेवली त्यानं. मी काई म्हणत नाही नियमाचं."

मी म्हटलं, "बोलले नाहीत अजून."

त्या म्हणाल्या, "बापाच्या वरची हायस तू."

मी वाजवलं नाही. तुम्ही तिसरा अंतरा घेतलात आणि गाणं संपवलंत. लोकांनी जिंकल्याचा निळा फेटा गोमतीबाईंना बांधला. तुम्ही कीबोर्ड खोळीत घातलात. मी वायर गुंडाळत होते. तुम्ही माझ्यामागे येऊन उभे राहिलात, ते मला तुमच्या खोकल्यावरून कळलं. मग आईनं हाक मारली आणि तुम्ही गेलात.

आता गावात म्हणतात की पोरगी दगडाची आहे. बापानं भर सभेत पट्टी उतरवून दिली, इतक्या वर्षांचं नाव सोडलं, आणि हिनं तार छेडली नाही. विनोदनंही फोनवर हेच सुनावलं. आईनं काही सुनावलं नाही, पण तिनं जेवलीस का विचारलं नाही, म्हणजे तेच.

म्हणून सांगते.

तुम्ही बोट वर केलंत तेव्हा माझ्या छातीत काय झालं ते मी लिहिणार नाही. ते माझं आहे. पण त्या सभेनं काय पाहिलं? त्यांनी पाहिलं की काळी तीनचा गळा गेला. त्या दिवशी गेला, किन्हीराजात. जऊळक्याला तो गेला होता हे त्यांना अजूनही माहीत नाही. जऊळक्याला त्यांच्या लेखी अजूनही पोट्टीच चुकलेली आहे. तुम्ही तुमचं नाव स्वतःच्या हातानं खाली ठेवलंत. त्याला हिंमत लागते, मी नाही म्हणत नाही. पण माझं नाव अजून तिथेच पडलं आहे. तुम्ही तुमचं सोडलंत म्हणजे माझं दिलंत असं होत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही दोन्हींसाठी एकच बोट वापरलंत.

त्या रिकाम्या जागेत मी वाजवलं असतं तर लोक रडले असते. बाप-लेक एक झाले म्हणाले असते. त्याचाही व्हिडिओ फिरला असता. आणि त्याच्याखाली पहिला व्हिडिओ कायमचा खरा ठरला असता. शिकून राह्यली होती, आता शिकली. बापानं माफ केलं.

मला कोणाकडून माफ करून घ्यायचं नाही.

बुद्धपौर्णिमेला जऊळक्याला कार्यक्रम आहे. मुकाबला नाही. रामकिसन काकांनी कळवलं की तिथल्या लोकांनी दोन्ही पार्ट्यांना बोलावलं आहे. मंच तोच, विहारासमोरचा. तुम्ही गाणार नाही हे आईनं ठरवलं आहे. गाऊ नका. आजीचं गाणं विनोद गाईल, त्याला त्याच्या पट्टीत गाऊ द्या, कीबोर्डवर तुम्ही बसा.

त्याच्याआधी माइक हातात घ्या आणि म्हणा, "रमाई जयंतीले पट्टी म्या उतरवली होती. पोट्टी बरोबर होती."

एवढंच. त्याला गळा लागत नाही. पुटपुटलात तरी चालेल, माइक त्यासाठीच असतो.

मी गिटार घेऊन खाली, आईशेजारी बसलेली असेन. हे तुमच्या तोंडून ऐकलं की वर येईन. ऐकलं नाही तर तिथूनच स्टेशनवर जाईन, जऊळक्याहून वाशीमला गाडी आहे.

आणि म्हणालात, तर मग विनोदला कोणती पट्टी लावली ते मला सांगू नका. बोटही दाखवू नका. मधेच बदलली तरी चालेल.

मी शोधून घेईन.

जयभीम.

सुकेशनी